ओवाळणी सरकारची, ताट मालकाचं

भाडं वाढलं? अभिनंदन! म्हणजे तुमची परिस्थिती सुधारलीये, फक्त ही बातमी तुमच्याआधी मालकाला कळलीये.

मला गेल्या मंगळवारी कळली. आमचे मालक काका "नळाला पाणी नीट येतंय का बघायला आलो" म्हणत संध्याकाळी आले, नळाकडे ढुंकूनही बघितलं नाही, चहा घेतला, आईच्या गुडघ्याची चौकशी केली आणि चपला घालता घालता म्हणाले, "ताई, पुढच्या महिन्यापासून नऊ द्या." पुण्यात धनकवडीतली वन आरके, म्हणजे एक खोली नि स्वयंपाकघर, एका भिंतीला ओल, साडेसात हजार. मी म्हटलं काका एकदम दीड हजार? तर म्हणाले, "आता तुम्हाला लाडकी बहीणचे येतात ना."

हिशोब बघा किती स्वच्छ. ७,५०० अधिक १,५०० बरोबर ९,०००. एक रुपया इकडे नाही, एक रुपया तिकडे नाही. तर माझ्यासारखं ज्यांच्या घरात सरकारी पैसे थेंब थेंब येतात आणि बादली मालकाच्या दारात असते, त्यांच्यासाठी हे थोडे अनुभवाचे सल्ले.

सगळ्यात आधी मालकाचे आभार माना. ते पैसे तुमच्याकडे राहिले असते तर तुम्ही ते बीपीच्या गोळ्या, तेलाचा डबा असल्या फालतू गोष्टींवर उडवले असते. काकांकडे ते सुरक्षित आहेत.

चहात साखर हात आखडून घालू नका. पुढची वाढ कधी, ते त्यावर ठरतं.

तिसरं, आपलं सगळं उत्पन्न मालकाला वेळोवेळी कळवत चला, त्यांना उगाच अंदाज बांधायला लागू नये. आमच्याकडे काय काय ऐवज येतो ते मीच सांगते. मी एका दुकानात अर्धा दिवस हिशोब लिहिते त्याचे बारा हजार. आईला बाबांच्या मागे ईपीएसची, म्हणजे पीएफवाल्यांची पेन्शन, महिना १,२४३ रुपये, आणि नाक मुरडू नका, कमीत कमी पेन्शन १,००० ठरलीये तीही २०१४ साली, म्हणजे आम्ही त्याच्याही २४३ रुपयांनी वर आहोत, श्रीमंतच. तेवढ्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला, आणि आयुष्यभर भांडी घासलेल्या बाईच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, मग दुसरं बोट, मग हात पुसून परत तेच बोट, मागे लाइन, आणि मशीन म्हणतंय की ही बाई ही बाई नाहीये. लाडकी बहीण आईला नाही, ६५ च्या पुढे गेली ना ती, त्यामुळे लाडकी फक्त मी. पण केवायसी आली तेव्हा ओटीपी नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारवर. नवरा गेला, बाबा त्याच्याआधी गेले, आता ओटीपी वर पाठवायचा का? मग दोघांचे मृत्यूचे दाखले शोधा, झेरॉक्स काढा, अंगणवाडीच्या ताईंकडे द्या, त्या बिचाऱ्या आधीच पन्नास जणींच्या फायलींखाली दबलेल्या, दोन दिवस सुट्टी, दोन दिवसांचा पगार कापला. आणि एवढं करून हप्ता कधी येणार ते विचारायचं नाही, कधी लांबतो, कधी दोन महिन्यांचे एकदम येतात. भाडं मात्र पाच तारखेला. बँकेचा मेसेज वाजला की मी आधी मोबाइल बघत नाही हल्ली, जिन्याकडे बघते.

बरं, निवडणुकीच्या वेळी दीड हजारांचे २,१०० करू म्हणाले होते सरकारवाले. काकांनी तेही लक्षात ठेवलंय. "२,१०० झाले की परत बसू," म्हणाले. सरकारची आश्वासनं इतकी मनापासून लक्षात ठेवणारा मतदार दुसरा बघितला नाही मी.

कायद्याचं नाव चुकूनही काढू नका. काढलंत तर मालक लगेच म्हणतात "कायद्यानेच दरवर्षी दहा टक्के आहे." कुठल्या कायद्याने ते विचारायचं नसतं. तो दहा टक्क्यांचा कायदा एजंट लोकांनी केलाय, विधानसभेत कुणी बघितलेला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, त्यात वर्षाला ४ टक्क्यांची वाढ आहे ती जुन्या भाडेकरूंसाठी. आपण लिव्ह लायसन्सवाले, म्हणजे ठरावीक महिन्यांच्या करारावर राहणारे, आपल्याला करारात जे लिहिलं असेल ते. आणि दहा धरले तरी साडेसातचे सव्वाआठ होतात हो, नऊ नाही! वीस टक्के झाले हे. पण हिशोब लिहायची नोकरी माझी असली तरी घरात हिशोब काकांचा चालतो.

आता करार. काका म्हणतात अकरा महिन्यांचा आहे, अकरा महिन्यांना रजिस्ट्रेशन लागत नाही. हे वाक्य इतक्या वर्षांत इतक्या मालकांकडून ऐकलंय की शाळेत प्रार्थनेनंतर म्हणून घेत असावेत. लागतं! त्याच कायद्याचं कलम ५५ बघा. आपल्याकडे लिव्ह लायसन्स लेखी आणि नोंदणी केलेलंच पाहिजे, अकरा महिने असो की पाच, आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. आणि पुढची गंमत अशी की नोंदणी नसेल आणि भांडण झालं तर कराराच्या अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच धरून चालायचं, उलटं सिद्ध मालकाने करायचं. हे मला दुकानात एका गिऱ्हाइकाने सांगितलं, वकील होते, झेरॉक्स काढायला आले होते, मी त्यांचे पाच रुपये घेतले नाहीत. आमचा करार? पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी, त्याचे पैसे माझ्याकडून, ओरिजिनल काकांच्या कपाटात, माझ्याकडे मोबाइलवर काढलेला फोटो, त्यात अर्ध्या पानावर माझ्याच हाताची सावली. भाडं रोख. पावती मागितली की "आपल्या माणसात पावती कसली ताई". ऑनलाइन पाठवू का म्हटलं तर एकदम "नको नको, ते नंतर दिसतं". कुणाला दिसतं ते मी विचारलं नाही, तेवढी अक्कल आहे मला.

"जमत नसेल तर मोटर बंद ठेवतो" असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. पाणी, लाइट तोडायला कलम २९ ची बंदी आहे, पण कलम २९ नळ सोडायला येत नाही.

परवडत नसेल तर सरळ दुसरी खोली बघा, सोप्पंय: एजंटला एक महिन्याचं भाडं, नवीन डिपॉझिट आधी द्यायचं, जुनं नंतर मिळणार आणि त्यातून रंगाचे पैसे कापून (रंग आम्ही आलो तेव्हाही नव्हता), टेम्पो, आणि "दोघी बायकाच राहणार का, पुरुष माणूस कोणी नाही का" या प्रश्नाचं रोज नवीन उत्तर.

शेजाऱ्यांशी जरूर बोला, मन हलकं होतं. मी बोलले. समोरचे भाऊ म्हणाले, "त्यांचं तरी काय चुकलं, फुकटचेच तर येतात तुम्हाला."

फुकटचे.

नाही जमत मला आता हे गोड गोड सल्ले द्यायला. फुकटचे? रोज तेल-साबणावर टॅक्स मी भरते तो काय कुणी भावाने भरला का? आणि काका, तुम्ही वाचणार नाही हे, पण तरी सांगते. काकूंनी पण भरला होता ना लाडकी बहीणचा फॉर्म? दारात चारचाकी उभी, वर दोन मजले भाड्याने, आणि फॉर्मवर वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. कितीतरी महिने घेतले. गाड्यांची तपासणी लागली आणि नाव कटलं, तेव्हा जिन्यात उभं राहून सरकारला शिव्या घालत होतात, मी ऐकलंय. त्यांचे बंद झाले ते दीड हजार आता माझ्याकडून वसूल करताय तुम्ही, दुसरं काही नाही. लाज वाटत नाही? आईच्या गुडघ्याची चौकशी करता आणि त्याच गुडघ्याच्या औषधातले पैसे उचलता? भाडं वाढवायचंय ना, वाढवा, घर तुमचं आहे, महागाई तुम्हालाही आहे, पाच-सातशे म्हणाला असतात तर मी ओढूनताणून दिले असते. पण माझ्या खात्यात काय येतं ते बघून आकडा ठरवायचा? भिंतीची ओल दोन पावसाळे सांगतेय, तिचा आकडा कधी ठरवलात? सबमीटरने युनिटला बारा रुपये लावता, तुम्हाला बिल कितीने येतं ते दाखवा एकदा. आणि आपली माणसं म्हणू नका आम्हाला. आपल्या माणसाला पावती देतात.

पाच तारखेला मी साडेसात हजार ऑनलाइन पाठवलेत, खाली "धनकवडी खोलीचं भाडं" असं व्यवस्थित टाइप करून. सकाळपासून काकांचे चार मिस्ड कॉल आहेत.