याला वेळ घालवणं म्हणू नका

नोकरी नसलेली मुलं ऑनलाइन प्रकल्पांत वेळ वाया घालवतात, हे एका लेखात वाचलेलं मत मला अजिबात पटलं नाही. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकताना लिनक्स हे संगणक चालवणारं मूळ सॉफ्टवेअर छंद म्हणूनच सुरू केलं होतं. आज अँड्रॉइड फोनचा गाभा तोच आहे.

माझा भाचा बीएस्सी करता करता ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणीही भर घालू शकेल अशा ऑनलाइन नकाशावर, आमच्या तालुक्यातले पाणंद रस्ते, विहिरी, शाळा नोंदवतो. आधी उपग्रहचित्रावर रेघ ओढायची, मग सायकलवरून जाऊन खात्री करायची. काही चुकलं तर कुणी अनोळखी माणूस दुरुस्त करतो, कारणही लिहितो. अशी शिकवणी कुठल्या क्लासमध्ये मिळते? त्याला नकाशांच्याच क्षेत्रात नोकरी हवी आहे. मुलाखत घेणाऱ्यांनी गुणपत्रिकेआधी त्याच्या नोंदींचा इतिहास उघडून बघावा, तारखेनिशी सगळं तिथे आहे.