ताठ बसा म्हणे!

आज ऑफिसात बायकांसाठी ‘आरोग्य सत्र’ होतं. सक्ती नव्हती, पण न येणाऱ्यांची नावं लिहून घेत होते, म्हणजे समजून घ्या. पाहुणे आले, गोड हसले आणि पहिलंच वाक्य, “तुम्ही बायका ना, स्वतःकडे लक्षच देत नाही. बघा, कशा पोक काढून बसल्यात सगळ्या!” झालं. वर्गात बाई आल्यासारख्या चाळीसेक जणी एकदम ताठ. मीपण झाले, तेच जास्त झोंबलं. दीड मिनिटात सगळ्या होत्या तशा परत.

मग म्हणाले, उभ्या राहा, गुडघे न वाकवता पायाचे अंगठे पकडा. त्यात दोघी तर येत्या काही महिन्यांत रिटायर होणाऱ्या. कोणाची हाडं कशी आहेत, कोणाला काय त्रास आहे, एक प्रश्न नाही. मी वाकले नाही. “मॅडम, जमत नाही का?” जमतं. नाही करणार.

का नाही ते तिथे बोलायला तोंड उघडलं असतं तर रडले असते, म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे, कामं असतील तर उरकून या.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आई म्हणाली, वरच्या फळीवरचा तो डबा काढून दे गं. तो डबा तिथे ठेवणारी तीच, काढणारीही तीच, मी लहान होते तेव्हापासून. टाचासुद्धा उचलाव्या लागायच्या नाहीत तिला. मी म्हटलं, “काय गं, फळी वर गेली का?” ती म्हणाली, “गेली असेल.” दोघी हसलो, डबा दिला, विषय संपला. वर्षभराने खोकला हटेना म्हणून छातीचा एक्स-रे काढला, समोरून आणि बाजूने. डॉक्टरांनी फोटो बघून विचारलं, “या कधी पडल्या होत्या?” पडली नव्हती. पाठीचे दोन मणके पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखे झाले होते. आपोआप. “दुखलं नाही का हो कधी?” तर आई म्हणते, “दुखते की. पाठ कोणाची दुखत नाही?”

फळी होती तिथेच होती.

आणि त्याआधीची कितीतरी वर्षं मी तिला काय सांगत होते माहितेय? “आई, ताठ उभी राहा ना, फोटोत कशी दिसतेस.” म्हणजे आजचा तो पाहुणा मीच होते. त्याच्यावर चिडायचा मला खरं तर हक्क नाही. तरी चिडणार.

पाळी गेली की इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं आणि पुढची पाच-सात वर्षं हाडं झपाट्याने विरळ होतात. काहींची तर पाचवा हिस्सा घनता जाते. वेदना नाही, सूचना नाही. मणका पुढून चेपला की अंग पुढे झुकणारच, खांदे मागे ओढल्याने तो काही पुन्हा उंच होत नाही. आणि अशा पाठीला कमरेतून खाली वाकवलं की भार नेमका त्या चेपलेल्या बाजूवरच येतो. म्हणून आईला आता अंगठे पकडणं बंद, पाठ मागे ताणणारे हलके व्यायाम आहेत, तेही शिकवलेत तसेच. हे फिजिओथेरपिस्टबाईंनी तिला दहा मिनिटांत समजावलं. आज दीड तासाच्या सत्रात हाडांच्या घनतेची डेक्सा नावाची तपासणी असते, एवढंही कोणी उच्चारलं नाही. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटर किंवा जास्त कमी झाली असेल तर मणके तपासून घ्या, इतकं सोपं आहे हे. दाराच्या चौकटीवर पेन्सिलची रेघ मारून कळतं.

बरं, पोक काय चाळिशीत आकाशातून पडतं? आठवा जरा. बारा-तेराव्या वर्षी अंग भरायला लागलं तेव्हा आपण दप्तर पाठीवरून छातीशी कधी घेतलं? मला कोणी तसं स्पष्ट सांगितलंही नव्हतं. नुसत्या नजरा पुरल्या. खांदे आत, मान खाली, अंग चोरून चालायचं. तेव्हा कोणी म्हणालं नाही, ताठ चाल. ताठ चालणारीला काय म्हणायचे ते तुम्हाला ठाऊक आहे.

मग ओटा. ओटा कोपरापेक्षा थोडा खाली असला की बरं पडतं, पण घरात उंच मी, ठेंगण्या सासूबाई आणि ओटा एकच. सिंक तर त्याहून खोल, म्हणजे भांडी घासताना कमरेतून वाकलेलंच. डोकं साडेचार-पाच किलोचं असतं, ते पुढे गेलं की मानेच्या मागचे स्नायू ते धरून ठेवतात, तासन्‌तास. मी आता एक पाय बुटक्या स्टुलावर ठेवते, थोड्या वेळाने दुसरा, आणि सिंकमध्ये उलटं पातेलं ठेवून त्यावर घासायचं भांडं घेते. घरचे हसले. हसू देत, कंबर माझी आहे.

मोबाईल? हो, रात्री मान मोडून मीच बघते, तिथे ओट्याचा काही दोष नाही. मान्य. पुढे.

आणि ते “पाणी भरपूर प्या”! अहो, बाहेर पडल्यावर जायला स्वच्छ जागा नसते म्हणून आपण पाणी पीत नाही, हे त्या माणसाच्या गावीही नाही. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा, जंतुसंसर्ग व्हायला वेळ लागत नाही. शिंकताना, हसताना थेंब गळतात त्याबद्दल तर चकार शब्द नाही. निम्म्या जणी सत्रात पाय आवळून बसल्या असतील. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, शिकता येतात, पुष्कळदा फरक पडतो. पण त्यावर बोललं तर सत्राचा गोडवा जातो ना.

व्यायामाचं मात्र खरं आहे. “दिवसभर पळतेच की मी, वेगळा कशाला?” हे मीही म्हणायचे. त्या पळापळीने दमायला होतं, पाठ बळकट होतेच असं नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं थोडा दम लागेल अशी हालचाल सांगते, आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम. हे दुसरं आपण साफ विसरतो. मी चालते. वजनं उचलायला गेल्या वर्षी लागले, छत्तीस कारणं देऊन झाल्यावर. आणि बसण्याचं म्हणाल तर एकच एक ‘बरोबर’ बसणं नसतंच म्हणे, दर अर्ध्या तासाने बसणं बदलायचं, उठायचं. म्हणजे ते ताठ बसून राहणंही तासभर केलं तर दुखणारच.

राग उतरला थोडा लिहून. संध्याकाळी ऑफिसातून थेट आईकडे गेले होते. सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तू वाकली नाहीस ना? बरं केलंस.” मग तो डबा काढून दिला, आता तो माझाच मान आहे. खाली ठेवू का विचारलं तर नको म्हणाली, जागा बदलली की तिला सापडत नाही.

तिची यंदाची उंची मोजायची राहिली होती, तीही मोजली. चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि हळूच टाचा उचलत होती. मी म्हटलं, आई, खाली. रेघ मारली. गेल्या वर्षीच्या रेघेवरच आली, तसूभर खाली नाही. मला एवढं हायसं वाटलं की काय सांगू. ती मात्र वळून रेघ बघत राहिली, मग पुन्हा चौकटीला टेकली.

“परत मोज. मी ताठ नव्हते.”

मोजली परत.