ड्रम स्मोकरच्या (मंद आचेवर धुरात अन्न शिजवायच्या पिंपाच्या) कोळसा बास्केट किटवर आलेल्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आपल्या तक्रारी तीन आहेत: पहिल्याच तासात तापमान 180 अंशांवर गेलं, चौथ्या तासाला कोळसा शिल्लक असूनही आग बसली, आणि जाळीला गंज चढला. म्हणून दुसरं बास्केट जस्ताचा मुलामा असलेल्या जाळीचं घरीच करणार, असंही आपण लिहिलंय. ते मात्र कृपया करू नका, कारण खाली देतो.

आधी आगीचं. आपल्या फोटोत बास्केट थेट ड्रमच्या तळावर बसलंय. किटमधले तीन लांब बोल्ट म्हणजे त्याचे पाय, ते लावलेले दिसत नाहीत. हवेची भोकं तळापासून साधारण 5 सेंमीवर असतात. पाय लावले की कोळशाची शेगडी, म्हणजे बास्केटचा सळ्यांचा तळ, 8 सेंमीवर येते, हवा खालून शिरते आणि राख तळाशी पडते. पाय नसले तर राख शेगडीच्या सळ्यांमध्येच साठत जाते, खालून हवा मिळत नाही आणि वर कोळसा असूनही आग मरते. ड्रमला बाहेरून ठोकून थोडी राख झडेल, पण तिला पडायला जागाच नसेल तर अर्ध्या तासात पुन्हा तेच. बोल्ट बसवताना सळ्यांच्या वर आणि खाली दोन्हीकडे मोठा वॉशर घाला. लहान वॉशर सळ्यांमधून निसटतो.

तापमान चढलं ते दोन चिमणी स्टार्टर (कोळसा पेटवायचे उभे डबे) भरून पेटता कोळसा ओतल्यामुळे. बास्केट न पेटलेल्या कोळशाने भरा, मधोमध खळगा करा आणि त्यात फक्त 12 ते 15 पेटलेल्या ब्रिकेट (दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या) ठेवा. 110 अंश हवे असतील तर 90 वरच हवा कमी करायला लागा. एकदा सगळा पृष्ठभाग पेटला की भोकं बंद करूनही तापमान लवकर उतरत नाही, आणि घाबरून झाकण उघडलं तर उलट भडकतं.

आता जाळी. जस्त 419 अंशांना वितळतं आणि निखारे त्याहून कितीतरी गरम असतात. तापलेल्या जस्ताचा धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप येतो, आणि तोच धूर अन्नालाही लागतो. म्हणून आम्ही मुद्दाम साधं पोलाद देतो. वरवरच्या गंजाने बास्केटचं काही बिघडत नाही. जाळी खाते ती ओली राख. ड्रम गार झाला की राख काढून टाका.

घरी करायचंच असेल तर साध्या पोलादाची एक्सपांडेड मेटल जाळी (पत्र्याला चिरा देऊन ताणून केलेली) घ्या. 38 सेंमी व्यासासाठी घेर सुमारे 119.5 सेंमी होतो, त्यावर जोडाला 5 सेंमी धरून 125 बाय 25 सेंमीची पट्टी कापा. जाळीतल्या चौकटींचा लांब कर्ण उभा ठेवा. आडवा ठेवलात तर पट्टी वळताना हट्ट करते, गोल न होता कोपरे धरते आणि भरल्यावर बाजू फुगतात. कापलेल्या कडा कानशीने घासा, त्या हात चिरतात. व्यास मोठा करण्याचा मोह टाळा: रुंद बास्केटमध्ये एकाच वेळी जास्त कोळसा पेटतो आणि ड्रमच्या भिंतीजवळचा रंग जळतो.

पायांचे बोल्ट हरवले असतील तर ऑर्डर क्रमांक कळवा, वॉशरसकट नवे पाठवतो, पैसे लागणार नाहीत.