आधी जागा करा, मग माणूस शोधा

मोसमभर तुमच्या संघाने काय दिवे लावले, हे ३० जूनच्या संध्याकाळी सहानंतर कुणी विचारत नाही. न्यूयॉर्कच्या घड्याळात सहा वाजले (आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेतीन, आणि मोबाइल उशाशी घेऊन जागणारी मंडळी पुण्या-मुंबईतही आहेत) की अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, म्हणजे एनबीएचा, फ्री एजंटांचा बाजार उघडतो. करार संपलेले खेळाडू मोकळे, मालकांचे हात मोकळे. ८२ पैकी ६५ सामने हरलेला मालकही त्या संध्याकाळी "यंदा बघाच" म्हणू शकतो, आणि त्याला हसायचं नाही असा संकेत आहे.

तर समजा, असा एक संघ तुमच्या पदरात पडलाय. घाबरू नका. या बाजारात नाव कमावण्याचे मार्ग आपल्या आधीच्या थोरांनी भरपूर पैसे मोजून आखून ठेवलेत. आपण फक्त त्यावरून चालायचं.

सगळ्यात आधी जागा करा. लीगने प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा घातली आहे, तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०२५-२६ साठी ती १५ कोटी ४६ लाख डॉलर होती. बाहेरचा बडा खेळाडू आणायचा तर तुमचे पगार या रेषेच्या बरेच खाली हवेत. ते कधीच नसतात. म्हणून असलेली माणसं घालवायची. कोणासाठी घालवतोय, असं ऑफिसातला एखादा हुशार पोरगा विचारील. त्याला दुसऱ्या खोलीत आकडेमोडीला बसवा.

या विषयात गुरू करावा तर सॅक्रामेंटो किंग्जना. त्यात आपल्याला थोडा अभिमान वाटून घ्यायलाही हरकत नाही, कारण २०१३ पासून त्या संघाचे मुख्य मालक आहेत मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. (२०१९ च्या ऑक्टोबरात किंग्ज वरळीच्या डोममध्ये येऊन इंडियानाशी दोन सामने खेळून गेले आणि दोन्ही हरले. पण पाहुण्यांच्या चुका काढू नयेत.) २०१५ च्या जुलैत किंग्जना जागा हवी होती. नजरेत भरला होता वेस्ली मॅथ्यूज: लांबून नेम चांगला, बचाव त्याहून चांगला, आणि चारच महिन्यांपूर्वी पायाचा अकिलीस टेंडन तुटलेला. तो येईल या भरवशावर किंग्जनी फिलाडेल्फियाशी व्यवहार केला. कार्ल लँड्री आणि जेसन थॉम्पसन हे दोन पगार त्यांच्या गळ्यात घातले. एवढ्यावर ते घेईनात, तेव्हा आदल्याच वर्षी ड्राफ्टमध्ये (म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक सोहळ्यात) आठव्या क्रमांकावर घेतलेला निक स्टाउस्कस दिला. तरी पुरेना, म्हणून पहिल्या फेरीतली एक भावी निवड दिली. शिवाय २०१६ आणि २०१७ साली ड्राफ्टचा क्रमांक बदलून घेण्याचा हक्कही लिहून दिला. उलट किंग्जना मिळाले दोन युरोपीय खेळाडूंचे हक्क. त्या दोघांपैकी एकही पुढे एनबीएच्या मैदानावर उतरला नाही.

जागा मात्र झाली, लख्ख. मग मॅथ्यूजला डॅलसपेक्षा जास्त पैसे देऊ केले. तो डॅलसला गेला.

आता झाडूनपुसून ठेवलेल्या जागेत कुणीतरी बसवायला तर हवं. राजॉन राँडो एका वर्षासाठी आला, मार्को बेलिनेली आला, कॉस्टा कूफॉस आला. राँडोने त्या मोसमात अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक असिस्ट, म्हणजे सोबत्याला बास्केट करून देणारे पास, दिले. संघ ३३ सामने जिंकला, ४९ हरला, प्रशिक्षकाची नोकरी गेली, आणि राँडो उन्हाळा लागताच शिकागोला चालता झाला. खरी मजा २०१७ साली. ड्राफ्टच्या लॉटरीत, म्हणजे निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत, किंग्जचं नशीब फळफळलं, थेट तिसरा क्रमांक! टाळ्या ओसरल्यावर लक्षात आलं की अदलाबदलीचा हक्क आपणच देऊन बसलोय. तिसरा क्रमांक फिलाडेल्फियाला गेला, त्यांचा पाचवा किंग्जना आला. फिलाडेल्फियाने तो तिसरा बॉस्टनला दिला आणि बॉस्टनने त्यावर पुढे तारा ठरलेला जेसन टेटम उचलला. पाचव्यावर किंग्जना डी'ॲरन फॉक्स मिळाला, हे त्यांचं भाग्य. पण भाग्याचं श्रेय सल्लागाराला घेता येत नाही, म्हणून मी तिकडे वळत नाही. २०१५ ची ती "भावी निवड" २०१९ साली तीसुद्धा बॉस्टनच्याच हातात पडली. एक वर्षाच्या राँडोची किंमत एवढी, हे त्या जुलैत कुणाला माहीत होतं? फिलाडेल्फियाला बहुधा.

किंग्जनी पुढेही वसा टाकला नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात पोरसवदा संघाला वळण लावायला म्हणून छत्तिशीतला झॅक रँडॉल्फ आणला आणि चाळिशीचा व्हिन्स कार्टर आणला. जॉर्ज हिलला तीन वर्षांचे ५ कोटी ७० लाख दिले आणि फेब्रुवारीत त्याला क्लीव्हलँडला पाठवून दिलं. २०१९ साली ड्वेन डेडमनला तीन वर्षांचे ४ कोटी दिले. डिसेंबर सरायच्या आत "मला इथून काढा" असं तो जाहीरपणे म्हणाला आणि त्याबद्दल लीगने त्याला ५० हजार डॉलर दंड केला. २००६ नंतर हा संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, पोचला तो २०२३ साली. सलग सोळा मोसम बाहेर, हा एनबीएचा विक्रम आहे, आणि विक्रम कसला का असेना, विक्रमच असतो. अखेर पोचले तेव्हा त्यात मलिक मंक नावाच्या, फारसा गाजावाजा न करता बेताच्या पगारात आणलेल्या खेळाडूचा मोठा वाटा होता. असल्या उदाहरणांनी विचलित होऊ नका.

जागेनंतर तोंडी शब्दाचं बघू. बाजार उघडतो तेव्हा बोलणी होतात, आकडे ठरतात, बातम्या सुटतात. सह्या मात्र काही दिवसांनी होतात. या मधल्या दिवसांत तुम्ही गाढ झोपावं. डॅलसने २०१५ साली तेच केलं. लॉस एंजलिसच्या क्लिपर्सचा उंचापुरा सेंटर डीआंद्रे जॉर्डन चार वर्षांच्या सुमारे ८ कोटींवर त्यांच्याकडे यायला "हो" म्हणाला होता. डॅलसच्याच चँडलर पार्सन्सने पुढे होऊन त्याची मनधरणी केली होती. सही तेवढी राहिली होती. ८ जुलैला जॉर्डनचं मन बदलतंय अशी कुणकुण लागली. पार्सन्सने ट्विटरवर विमानाचं चिन्ह टाकलं, मग क्लिपर्सच्या मंडळींनीही गाड्या-विमानांची चिन्हं टाकत ह्यूस्टनला जॉर्डनचं घर गाठलं. प्रशिक्षक, मालक स्टीव्ह बामर, ब्लेक ग्रिफिन, ख्रिस पॉल, सगळं वऱ्हाड दिवाणखान्यात. ग्रिफिनने जगाला एक फोटो दाखवला: दाराच्या मुठीखाली तिरकी अडकवलेली खुर्ची. म्हणजे आतला बाहेर जायला नको आणि बाहेरचा आत यायला नको. पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र उलटली, सह्यांची बंदी उठली आणि जॉर्डनने क्लिपर्सच्याच कागदावर सही ठोकली.

डॅलसच्या मालकांनी मग काय करावं? हातात जागा उरलेली. त्यांनी मॅथ्यूजचा ठरलेला आकडा ५ कोटी ७० लाखांवरून ७ कोटींवर नेला. तो तर आधीच "हो" म्हणून बसला होता आणि पाय अजून बरा व्हायचा होता. याला म्हणतात शब्दाला जागणं. तुमच्याकडून हे होणार नाही, तुम्ही फक्त बघा.

पुढचा गुण घाईचा. २०१६ साली टीव्हीच्या नव्या कराराने, नऊ वर्षांचे २४ अब्ज डॉलर, लीगच्या अंगणात पैशाचा पाऊस पडला. ही वाढ टप्प्याटप्प्याने मुरवू असं लीगचं म्हणणं होतं, खेळाडूंच्या संघटनेने ते धुडकावलं, आणि सॅलरी कॅप एका झटक्यात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेली. जवळपास प्रत्येक संघाकडे जागाच जागा. खराखुरा तारा बाजारात एकच, केव्हिन ड्युरंट. बॉस्टनने तर त्याला भुलवायला अमेरिकन फुटबॉलचा टॉम ब्रेडी सोबत नेला होता. ड्युरंट ४ जुलैला गोल्डन स्टेटला गेला, म्हणजे आदल्या मोसमात ७३ सामने जिंकलेल्या संघाला. ज्यांना गरज नव्हती त्यांना तो मिळाला, बाकीच्यांना एकमेकांची गर्दी.

लेकर्स मात्र कुणासाठी थांबले नाहीत. बाजार उघडताच पहिल्या तासाभरात त्यांनी टिमोफे मोझगोव्हशी चार वर्षांचे ६ कोटी ४० लाख ठरवले. सात फुटी माणूस, आदल्या मोसमात सामन्याला सरासरी ६.३ गुण, अंतिम मालिकेत बहुतेक वेळ बाकावर. त्याच्यामागे दुसरं कोण धावत होतं याची चौकशी करायला वेळ कुणाला होता? चार दिवसांनी घ्यायचा म्हटला असता तर तो निम्म्यात मिळाला असता अशी कुजबुज पुढे झाली, पण मग पहिला नंबर कुणाचा लागला असता? लगोलग लुऑल डेंगला ७ कोटी २० लाख. तिकडे न्यूयॉर्कच्या निक्सनी जोआकिम नोआला तेवढेच दिले. तो दोन मोसमांत मिळून ५३ सामने खेळला, मध्ये बंदी असलेलं द्रव्य घेतल्याबद्दल वीस सामन्यांची शिक्षाही भोगली. आणि आपला चँडलर पार्सन्स, विमानवाला? गुडघ्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या या गृहस्थांना मेम्फिसने ९ कोटी ४० लाखांच्या वर दिले आणि तीन मोसमांत ९५ सामने पाहिले. उतावळ्या नवऱ्याचं बाशिंग गुडघ्याला असतं हे आपल्याला ठाऊकच होतं. इथे गुडघाही नव्हता.

मोझगोव्हला वर्षभरातच घालवायचं ठरलं. फुकट कोण घेणार? मग दोनच वर्षांपूर्वी दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला डी'अँजेलो रसेल सोबत लावून दोघांना ब्रुकलिनला धाडलं. तिथे रसेल २०१९ साली ऑल-स्टार झाला. डेंग दुसऱ्या मोसमात लेकर्सकडून एक सामना खेळला. हो, एकच. नंतर त्याला मोकळं करून उरलेला पगार पुढच्या वर्षांवर पसरवला. २०१९ साली डेंग निवृत्त झाला, लेकर्सच्या हिशेबात मात्र २०२१-२२ पर्यंत वर्षाला ५० लाखांनी हजर होता.

आता बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही कला शिकायची तर न्यूयॉर्कला जावं लागेल. २०१९ च्या जानेवारीत निक्सनी आपला सगळ्यात गुणी पोरगा, क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस, डॅलसला देऊन टाकला. दोन बड्या खेळाडूंपुरती जागा झाली पाहिजे म्हणून. मार्चमध्ये मालक जेम्स डोलन रेडिओवर सांगून मोकळे झाले की यंदाचा उन्हाळा फार यशस्वी होणार. त्या सौद्यात डॅलसकडून निक्सकडे कोण आलं माहीत आहे? वेस्ली मॅथ्यूज. आणि डीआंद्रे जॉर्डन, जो पुढे डॅलसला आलाच होता. जॉर्डन हा ड्युरंटचा दोस्त, तेव्हा तो ड्युरंटला ओढून आणील असा अनेकांचा होरा होता. ओढून त्याने खरंच आणलं असेल. ३० जूनला ड्युरंट, कायरी अर्व्हिंग आणि जॉर्डन तिघेही एकदम आले, फक्त नदीपलीकडे ब्रुकलिनला. त्याच संध्याकाळी निक्सच्या अध्यक्षांनी चाहत्यांची निराशा आपण समजू शकतो अशा अर्थाचं निवेदन काढलं. मग जमवाजमव: ज्यूलियस रँडल, बॉबी पोर्टिस, ताज गिब्सन, मार्कस मॉरिस. चौघेही पॉवर फॉरवर्ड. मैदानावर ती जागा एक असते. दोन वर्षांनी मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंचे मानाचे संघ जाहीर झाले, तेव्हा रँडल त्यातल्या दुसऱ्या संघात निवडला गेला. चार बाण सोडले की एखादा लागतो, तेव्हा बाणांची संख्या वाढवा.

आणि समजा, खरंच तारा मिळाला तर? त्याचीही सोय आहे. त्याच आठवड्यात कवाय लेनर्ड क्लिपर्सला यायला तयार झाला, पण पॉल जॉर्ज सोबत हवा होता. क्लिपर्सनी ओक्लाहोमाला शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीच्या पाच निवडी आणि दोन अदलाबदलीचे हक्क दिले. २०२५ साली ओक्लाहोमा विजेते झाले. गिल्जस-अलेक्झांडर मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू, आणि त्याच्या शेजारी जेलन विल्यम्स, जो क्लिपर्सच्याच एका निवडीतून आलेला. पॉल जॉर्ज २०२४ साली स्वतः फ्री एजंट होऊन चालता झाला आणि क्लिपर्सच्या हाती दमडी पडली नाही. गेला कुठे? फिलाडेल्फियाला, चार वर्षांचे २१ कोटी २० लाख घेऊन. होय, तेच फिलाडेल्फिया, ज्यांनी एकेकाळी सॅक्रामेंटोची अडचण शांतपणे विकत घेतली होती. पहिल्या मोसमात जॉर्ज ४१ सामने खेळला आणि संघ ५८ हरला.

हल्लीच्या नियमांत कॅपच्या वर लक्झरी टॅक्सची रेषा, त्यावर पहिला ॲप्रन, त्यावर दुसरा (ॲप्रन म्हणजे पगारांची आणखी वरची रेषा). दुसरा ओलांडला की हातपाय बांधल्यासारखेच, कॅपच्या वर असूनही मधल्या रकमेत खेळाडू घेण्याची सवलतही नाही. हे सगळं तुमच्या वकिलाला वाचू द्या. तुम्ही मिलवॉकीकडे बघा. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या डेमियन लिलार्डचा अकिलीस टेंडन तुटला. जुलैत त्यांनी माइल्स टर्नरसाठी जागा हवी म्हणून लिलार्डला मोकळं केलं आणि त्याचे उरलेले ११ कोटींच्या वरचे डॉलर पाच वर्षांवर पसरवले, दरसाल सव्वादोन कोटी. लिलार्ड पोर्टलंडला घरी गेला. टर्नरचा करार चार वर्षांचा. म्हणजे तो संपल्यावरही लिलार्डचा एक हप्ता मिलवॉकीच्या खात्यावर बाकी असेल, आणि त्या उन्हाळ्यात नव्या माणसासाठी पुन्हा जागा लागेल. तेव्हा फिलाडेल्फियाला फोन लावायला हरकत नव्हती, पण पॉल जॉर्ज घेतल्यापासून ते स्वतःच जागा शोधताहेत. सॅक्रामेंटोला विचारून बघा.