आयएनआय_सेटने अपलोडची लिमिट वाढत नाही

सध्या एक सल्ला फिरतोय की पीएचपी (वेबसाइटच्या सर्व्हरवर चालणारी भाषा) वापरताना तिच्या सेटिंग्जच्या फाइलला, म्हणजे पीएचपी डॉट आयएनआयला, हात न लावता स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत आयएनआय_सेट (चालत्या स्क्रिप्टमधून सेटिंग बदलणारं फंक्शन) टाकून अपलोड_मॅक्स_फाइलसाइज, म्हणजे अपलोड होणाऱ्या एका फाइलची कमाल साइज, ६४ एम (मेगाबाइट) करा, काम झालं. नाही हो, होत नाही! तुमची स्क्रिप्ट सुरू होईपर्यंत पीएचपीने फाइल आधीच घेतलेली किंवा नाकारलेली असते, मग मागाहून लिमिट सांगून काय उपयोग, आणि म्हणूनच ते फंक्शन गुपचूप फॉल्स (म्हणजे बदल झाला नाही) परत करतं, एरर पण दिसत नाही.

बदल आयएनआय फाइलमध्येच करा, आणि पोस्ट_मॅक्स_साइज (फॉर्ममधून एकूण किती डेटा येऊ शकतो ती मर्यादा) विसरू नका, ती डिफॉल्ट ८ एम असते (अपलोडची फक्त २), ती ओलांडली की पोस्ट आणि फाइल्स (फॉर्ममधला डेटा आणि फाइल्स स्क्रिप्टला ज्यात मिळतात ते) दोन्ही ॲरे चक्क रिकामे येतात आणि माणूस फॉर्ममध्ये चूक शोधत बसतो. मी स्वतः अख्खी संध्याकाळ यात घालवलीय, त्यामुळे कळकळीने सांगतोय.

आणि ६४ एमबी लिहू नका, नुसतं एम, नाहीतर ते ६४ बाइट धरलं जातं. मग एफपीएम (सर्व्हरवर पीएचपी चालवणारी सर्व्हिस) रीस्टार्ट करा. शेअर्ड होस्टिंग (अनेकांच्या साइट्स एकाच सर्व्हरवर) असेल आणि तिथे डॉट यूजर डॉट आयएनआय (आपल्या फोल्डरपुरती सेटिंग्जची फाइल) चालत असेल तर त्यात टाकून पाच मिनिटं थांबा, ती फाइल डिफॉल्टने ३०० सेकंद कॅशमध्ये असते.