पैसे जपानचे, पण आकाश कुणाचं?

आम्ही धानोरीत राहतो. लोहगावहून सुखोई उडालं की खिडकीच्या काचा थरथरतात आणि फोनवरचा माणूस नुसता ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. विमान आपलं, हवाई दल आपलं, आणि गाऱ्हाणं न्यायचं तर कोणाच्या दारात न्यायचं हेही ठाऊक आहे.

मित्रदेशांच्या लष्करी तळांचा खर्च कुणी किती उचलायचा, यावर सध्या बरंच बोललं जातं. ‘अमेरिका सगळ्यांचं रक्षण करते, मग बाकीच्यांनी पैसे नकोत का द्यायला?’ हा प्रश्न ऐकला की मला ओकिनावा आठवतं, जपानच्या दक्षिणेकडचा अमेरिकी तळांनी भरलेला बेटांचा प्रांत.

जपान पैसे देतोच, आणि भरपूर देतो. मूळ करारानुसार जपानने जागा द्यायची आणि तळ चालवण्याचा खर्च अमेरिकेने करायचा, असं ठरलं होतं. १९७८मध्ये येन वधारला, अमेरिकेला तळावरच्या जपानी कामगारांचा खर्च जड जाऊ लागला आणि जपानने त्यातला काही भाग उचलला. तेव्हाचे संरक्षणप्रमुख शिन कानेमारू यांनी त्याला ‘ओमोइयारी’ म्हटलं, म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीची जाण ठेवणं. पहिल्या वर्षी ६२० कोटी येन दिले. पुढे त्यात इमारती आल्या, पगार आले, वीज-पाणीही आलं. २०२२ ते २०२६च्या करारात हा आकडा वर्षाला सुमारे २१,१०० कोटी येनवर गेला आहे. एकदा मदत म्हणून दिलेलं पुढे हक्काचं होऊन बसतं, हे आपल्याकडे घराघरांत माहीत आहे.

चीन आणि उत्तर कोरिया शेजारी असताना जपानला हे तळ हवेत, हे मला मान्य आहे. पैसे द्यावेत, हेही मान्य. पण जो पैसे देतो त्याला निदान विमानं किती वाजता उडतील हे ठरवता यायला नको का?

१९९६मध्ये दोन्ही देशांनी ठरवलं की ओकिनावातल्या कादेना आणि फुतेन्मा या अमेरिकी तळांवर रात्री १० ते सकाळी ६ उड्डाणं मर्यादित ठेवायची. पण ‘लष्करी गरज असेल तर’ ही सूट त्यात होती, आणि गरज आहे की नाही हे अमेरिकी सैन्यच ठरवणार. कादेनाच्या आसपासचे २२ हजारांवर रहिवासी कोर्टात गेले. फेब्रुवारी २०१७मध्ये कोर्टाने आवाजाचा त्रास मान्य करून सुमारे ३,००० कोटी येन भरपाई द्यायला सांगितलं, पण उड्डाणं थांबवायला नकार दिला. अमेरिकी विमानांवर जपान सरकारचा ताबाच नाही, ही तिथल्या न्यायालयांची जुनी भूमिका आहे. भरपाई जपानी तिजोरीतून जाते. त्यातला वाटा उचलायला अमेरिका अजून तयार झालेली नाही.

माझा राग इथे आहे. खर्चाच्या वाटणीवर वर्षानुवर्षं घासाघीस होते, पण कुंपणापलीकडे राहणाऱ्यांची झोप त्या हिशोबात कुणीच धरत नाही. जपानच्या जमिनीपैकी ०.६ टक्के जमीन ओकिनावाची, आणि फक्त अमेरिकी सैन्याच्या वापरातल्या तळांचं सुमारे ७० टक्के क्षेत्र तिथेच. पुढच्या करारात पैशांच्या आकड्याआधी रात्रीच्या उड्डाणांचं कलम लिहावं, आणि त्यात ‘गरज असेल तर’ हे शब्द नसावेत.

१३ डिसेंबर २०१७ला फुतेन्माच्या कुंपणालगतच्या प्राथमिक शाळेच्या मैदानात मुलं खेळाच्या तासाला होती. वरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरची पावणेआठ किलोची खिडकी, चौकटीसकट, त्यांच्यापासून काही पावलांवर पडली. पुढे कित्येक महिने हेलिकॉप्टर जवळ आलं की मुलं खेळ टाकून आडोशाला पळायची. मग मैदानात त्यांच्यासाठी पक्क्या छताचे निवारे बांधले गेले. तेही जपानच्याच पैशांतून.