मांजराचा खोकला म्हणजे केसांचा गोळाच, हे खरं नाही

‘मांजर खोकतंय म्हणजे केस अडकलेत, जंताची नेहमीची गोळी द्या, बरं होईल’ असा संदेश फिरतोय. तो चुकीचा आहे. गोळा असेल तर पोट ढवळून उलटीत पडतो. मान पुढे ताणून, अंग जमिनीला टेकवून ढास लागते आणि बाहेर काहीच येत नाही, तेव्हा दमा किंवा फुफ्फुसातले जंत असू शकतात. हे जंत गोगलगायीतून उंदीर, पाली, पक्ष्यांत जातात आणि शिकारीतून मांजरात. मांजराकडून माणसाला ते होत नाहीत.

जंताची नेहमीची, म्हणजे प्राझिक्वांटेल-पायरँटेलची गोळी या जंतांवर चालत नाही. फेनबेंडाझोल हे औषध चालतं: किलोमागे 50 मिलिग्रॅम, रोज एकदा, सलग 3 दिवस, पण डॉक्टरांनी निदान केल्यावरच. या जंतांच्या अळ्या विष्ठेतून रोज पडत नाहीत, म्हणून तपासणीला 3 दिवसांची ताजी विष्ठा द्या. प्रयोगशाळेत ती फडक्यात बांधून कोमट पाण्यात रात्रभर टांगली की अळ्या तळाशी उतरतात. सूक्ष्मदर्शकाखाली शेपटीला ‘एस’सारखा बाक दिसतो. नेहमीच्या तपासणीत त्या सहज निसटतात.

नसबंदी ठरली असेल तर खोकल्याबद्दल आधीच सांगा. अशा फुफ्फुसांना भूल झेपली नाही तर जीव जाऊ शकतो.